जांभळ्या दिव्यातले तळहात

२१ एप्रिल, सोमवार
पहाटे जाग आली ती एका जुन्या आवाजाने. मैंदर्गीच्या शाळेत मी कविता शिकवायचो, तेव्हा शेजारची पिठाची गिरणी फुक-फुक चालायची आणि सारा वर्ग नकळत तिच्या तालावर ओळी म्हणायचा. गिरणी गेली, वर्ग गेला. पण सत्तरी उलटल्यावर मला पुन्हा नोकरी लागली आहे. माझा जुना विद्यार्थी राजशेखर सोलापुरात एका खासगी कॅन्सर दवाखान्याचा मॅनेजर आहे. काम हलकं. केमोची औषधं सलाईनमध्ये मिसळतात त्या खोलीतून तयार पिशव्या उचलायच्या आणि वॉर्डात पोचवायच्या. सून सिद्धेश्वरी म्हणाली, मामा, घरात बसून भिंतींना कविता ऐकवण्यापेक्षा हे बरं की. मलाही बरंच वाटलं.

२४ एप्रिल, गुरुवार
बाहेर डांबर वितळतंय आणि आमची ती खोली मात्र श्रावणातल्या देवळासारखी गार. औषधांसाठी एसी सतत चालू असतो. म्हणून दुपारी सगळे तिथेच जेवतात. कडक भाकरी, शेंगाचटणी, औषधांच्या फ्रीजमधलं ताक. औषध मिसळणारी शिवानी सिस्टर काचेच्या कपाटासमोर बसते. आतली वाफ ओढून घ्यायला कपाटाला पंखा आहे, पण तो फार घरघरतो, कुणाला बोलू देत नाही, म्हणून बंदच ठेवतात. एक औषध लालभडक आहे, पांगाऱ्याच्या फुलासारखं. मी दोन ओळीही जुळवल्या. शिवानी हसून म्हणाली, गुरुजी, हे अंगावर सांडलं तर कातडं जळतं, त्याच्यावर कविता करताय व्हय?
पोर गोड आहे. जाताना हळूच सांगून गेली, तिसरा महिना चालू आहे. दवाखान्यात कुणाला बोलू नका म्हणाली, कामावरून काढतील.

३० एप्रिल, बुधवार
पुण्याहून एक तज्ज्ञ बाई तपासणीला आल्या. औषधाच्या जागी त्यांनी बाटलीत कसलंसं चमकणारं पाणी भरलं आणि शिवानीला नेहमीसारखं काम करायला सांगितलं. मग खोलीत अंधार करून जांभळा दिवा लावला. तिची बोटं, नळ, दाराची मूठ, जेवणाचे डबे, माझ्या खिशातलं पेन, सगळं हिरवट पेटलं. औषधही असंच पसरतं, बाई म्हणाल्या. पंखा चालू नसताना इथे काम करायचं नाही, जेवायचं तर मुळीच नाही, आणि पोटुशी बाई तर या खोलीत असताच कामा नये. शिवानी खाली बघत राहिली.
बाई गेल्यावर राजशेखरने तिथेच डबा उघडला. म्हणाला, आम्ही काय मेलो का आजवर?

२ मे, शुक्रवार
सफाईवाल्या गुलबानोने मला जिन्याखाली गाठलं. म्हणाली, गुरुजी, तुमी तितं जेवू नका. शिवानीच्या आधी चंद्रव्वा सिस्टर होती, तिचं दोनदा पोटातच गेलं. तिच्या आधीच्या सिस्टरचं बी. साहेबांना सांगितलं तर म्हणतात, बायांचं नशीब.
मी राजशेखरकडे गेलो. सगळ्यांसमोर म्हणाला, गुरुजी, वर्गात छडी तुमच्या हातात होती, इथं नाही. पिशव्या पोचवा आणि गप बसा.
जेवताना माझी खुर्ची कुणीतरी बाहेर काढून ठेवली होती.

६ मे, मंगळवार
पुण्याच्या बाई दिवा ठेवून गेल्या आहेत. दुपारी सगळे वॉर्डात असताना मी पडदे ओढून तो लावला. चमकणारं पाणी कधीच पुसून काढलं होतं, तरी ठसे होते. तळहाताचे. एकेक माझ्या अंगठ्याच्या पेराएवढा.
फरशीवरून रांगत गेल्यासारखे शिवानीच्या खुर्चीपर्यंत. मी ओल्या फडक्याने पुसले. हटले नाहीत.

९ मे, शुक्रवार
शिवानीचा गाऊन खुंटीवर होता. दिवा धरला. पोटापाशी पाच-सहा तळहात, धरून ठेवल्यासारखे. तिला बोलावून दाखवलं. तिने विचारलं, गुरुजी, हे कुणाचे? मी म्हणालो, तू आजच निघ. नोकरी मिळेल दुसरी.
तिने पर्स उचलली आणि गेली.

१२ मे, सोमवार
शिवानी माहेरी मैंदर्गीला पोचली. गुलबानोने सांगितलं. सुटलो.
राजशेखर माझ्या तोंडावर म्हणाला, सिस्टर पळवली तुम्ही, उद्यापासून येऊ नका. बाकीचे हसले. मी दिवा पिशवीत घातला आणि निघालो. त्याआधी एकदा लावला होता.
ठसे तिच्या खुर्चीभोवती गोल-गोल फिरलेले. टेबलाखाली. फ्रीजमागे. कपाटात. कुणाला तरी शोधत —

१४ मे, बुधवार
हे मला आधीच सुचायला हवं होतं. तोच सदरा घालून मी रोज घरी येत होतो. तोच डबा, त्याच चपला.
सदऱ्याच्या पाठीवर आहेत. दोन, खांद्याशी. मी पाठुंगळी आणलंय त्यांना —
सून विचारते, मामा, भर दुपारी अंगणात सदरा का जाळताय. काय सांगू.

१७ मे
जाळून उपयोग नाही. स्वयंपाकघरात नाहीत, सुनेजवळ नाहीत. त्यांना दुसरं कुणी नकोच. माझ्या खोलीतून बाहेरच्या दाराकडे सरकतायत. दिव्याशिवायही दिसतात आता —

१८ मे, दुपार
उन्हासाठी खिडक्या लावलेल्या. घर अंधारं. दार आतून — उंबऱ्यापासून कडीपर्यंत सगळे तळहात दाराला टेकलेले. स्तब्ध. कानोसा घेत —

बेल.
फटीतून पाहिलं. शिवानी. मैंदर्गीहून, या उन्हात. हातात डबा, चेहरा भरलेला. बाहेरूनच सांगतेय, गुरुजी, सोनोग्राफी केली, बाळ छान आहे, पहिले पेढे तुम्हाला —
मी म्हणालो, परत जा. सून म्हणतेय, अहो मामा, उन्हात उभी आहे ती —
सुनेचा हात कडीला —
तळहात हलले. दोन बाजूंना. तिला वाट देतायत —
शिवानी, आत पाय नको —