आईच्या जाईचं तेल

॥ श्री ॥
बेळगाव, ता. २० सप्टेंबर १९१८

चि. सौ. वसुधास अण्णाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. डोहाळे लागले की बायका चिंचा मागतात, तुला मात्र आईच्या जाईचा वास पाहिजे! तंबाखूच्या वखारीशेजारी दिलेली पोर तू, तुझा तरी काय इलाज? पण माहेरी यायचं नाव काढू नकोस. आई गेली, आता साथीच्या तापात तुला घालवायचं नाहीय मला. इथं बोळाबोळात माणसं पडलीत.

वासच तिकडं पाठवतो. आईनं येळ्ळूरहून आणून लावलेली जाई यंदा लई फुललीय. आई करायची तसंच, तिळात रोज ताजी फुलं मिसळतो, सुकलेली वेचून काढतो. तीळ वासानं भरले की घाण्यावर तेल काढून आणतो. तुझी वहिनी म्हणते, कचेरीत एवढं राबला असता तर साहेब झाला असता.

हरिभाऊंस नमस्कार. जपून राहा, वेडे.
चिंतामणी

॥ श्री ॥
निपाणी, ता. ७ ऑक्टोबर

ती. अण्णास वसुधाचा शि. सा. नमस्कार.

गाडीवाल्या भरमूनं बाटली आणून दिली. केवढ्या आशेनं बूच काढलं! फसवलंस ना रे? नुसतं तिळाचं तेल पाठवलंस. कणभर वास नाही. मी रडले, हे खोटं कशाला सांगू?

मध्यंतरी ताप होता, उतरलाय. मला घेऊन जा, अण्णा. जाईखाली नुसती बसेन.

तुझी माया आहे तशी राहू दे.
वसुधा

॥ श्री ॥
बेळगाव, ता. १० ऑक्टोबर

चि. सौ. वसुधास आशीर्वाद.

व्हय, फसवलं! आख्खी गल्ली वास घेत दारात येत होती नि तू म्हणतेस वास नाही. तंबाखूनं नाक बिघडलंय तुझं. पुन्हा मागून बघ, एरंडेल पाठवतो! राग आलाय गं मला. तो उतरला की न्यायला येतो.

चिंतामणी

निपाणी, ता. १५ ऑक्टोबर

ती. अण्णा यांस हरिभाऊचा नमस्कार.

वर श्री घातलेला नाही, यावरून समजला असाल. काल सकाळी वसुधा गेली. पोटातलं बाळही गेलं. उतरलेला ताप उलटला नि छातीत भरला.

पहिल्या तापातच तिचं नाक गेलं होतं. नाकाशी कापूर धरला तरी कळेना, तेव्हा आमच्या ध्यानात आलं. तुमचं पत्र तिला वाचून दाखवलं. ती हसली. अण्णाला वाईट वाटेल, वास आला म्हणून कळवा, असं म्हणाली. ते कळवायचं राहूनच गेलं.

सवाष्ण म्हणून बायकांनी तिला तुमचंच तेल लावून न्हाऊ घातलं. सारं घर जाईनं भरलं. वखारीतले हमालसुद्धा काम टाकून दारात उभे राहिले. सगळ्यांना वास आला, अण्णा. तिला तेवढा आला नाही.

मला परका करू नका.
हरिभाऊ