तिवरं आणि बाळूची तळी

हिंगोली, २० ऑक्टोबर १९९४

संध्याकाळी कोकणातून धाकट्या भावाचा, बाळूचा फोन. वडिलांच्या खाडीकाठच्या जागेतली खारफुटीची तिवरं तोडून कोळंबीची तळी करायची आहेत. त्याला माझा होकार हवा, कारण अर्धा हिस्सा माझा.

"ताई, नुसता चिखल आहे गं तो. पिल्लं बाहेरून आणणार."

बाहेरून! लहानपणी आई त्याच तिवरांच्या मुळांत पदर बुडवून वर काढायची. त्यात कोळंबीची काचेसारखी पिल्लं. दिसायचे ते फक्त काळे डोळे. मोठे मासे मुळांत शिरत नाहीत, म्हणून ती तिथे वाढतात आणि मग समुद्रात जातात, एवढं सांगून आई पदर पुन्हा पाण्यात झटकायची. कॉन्व्हेंटात जाऊन बाळू काय शिकला? बुटांना चिखल लागू द्यायचा नाही, एवढंच?

शेजारच्या गयाबाई आल्या. त्यांच्या घरी शेळ्या.

"काहून इतक्या तापून राहिल्या, बाई?"

म्हटलं, करडं झाकायचं डालगं चुलीत घालून माझा भाऊ करडं विकत आणायला निघालाय.

"मंग धाडा त्याला आमच्याकडं. चार दिवस शेळ्यांमागं हिंडला की येईल बराबर ठिकाणावर."

हसले. मग बाळूला फोन लावून सांगितलं, माझा हिस्सा आहे तसाच राहील.

"हिंगोलीत बसून तुला खाडीचं काय पडलंय?" भाऊबीजेला येत नाही म्हणाला.

न येवो. राग त्याचा आहे, माझा नाही. की आहे? ओवाळणीचं ताट मात्र करीन. पदर झटकण्याआधी ते काळे डोळे मोजू दे, असा हट्ट लहानपणी बाळूच धरायचा.