बोट दर्यात असताना

अर्नाळा, १२ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. स्टेफीस, सासू लिलीचे अ. आ. वटारला तुझ्या माहेरी सगळे बरे असतील.

फोन उचलत नाहीस म्हनून लिहिते. चौथीपर्यंतच शिकलेय, अक्षराला हसू नको. नेल्सनची बोट काल आली. इंजिन बंद पडलं होतं, बाकी काही नाही. घरात शिरला नि पहिलं विचारलं, स्टेफी कुठंय. मी बर्फाचं निमित्त करून बाहेर गेले.

शेवटी शेजारच्या ॲंजेलाने त्याला सांगितलं. बोट दर्यात असताना तू बोंबील वाळत घालत इंग्रजी घोकत होतीस. मी म्हटलं, काय बडबडतेस ते मराठीत सांग. बोट परत आली नाही तर, एवढं बोललीस नि माझं डोकं फिरलं. बोट बाहेर असताना आपल्यात असं तोंडातून काढत नाहीत. काढलं त्याने दर्याच्या पान्याने चूळ भरायची. ती मी तुला सगळ्या बायांसमोर भरायला लावली, वर अभद्र तोंड घेऊन माहेरी जा म्हटलं. तू पन गेलीस. एकदा उलट बोलायला काय झालं होतं?

नेल्सन म्हनतो, ते इंग्रजीतलं जर-तर आहे, बाहेरदेशी नर्स व्हायच्या परीक्षेला लागतं. मास्तरीन घरातलीच उदाहरनं करायला सांगते. मला काय ठाऊक. परीक्षा रविवारी ना? अभ्यास चालू आहे का, तेवढं कळव. सोबत कोलंबी पाठवतेय. रागावलीस तरी खा.

तुझी सासू,
लिली

वटार, १४ नोव्हेंबर

ती. आईंस स्टेफीचा सा. न.

कोलंबी पोचली. अभ्यास सोडला आहे. जर म्हटलं की तोंड खारट होतं. बाईंनी तीन प्रकार शिकवले होते. एक, जे होऊ शकतं. दुसरा, जे होणार नाही पण मनात आणायचं. तिसरा, जे होऊन गेलं आणि आता बदलत नाही. मला तिसराच तेवढा कळतो.

नवरा दर्यात असताना असं वाक्य केलं, याची माझी मलाच लाज वाटते. पण आई, तुम्ही ते पुरं होऊ दिलं नाहीत. बोट परत आली नाही, तर मी परदेशी जाणार नाही, आईंजवळ राहीन. एवढंच होतं.

गोळ्या वेळेवर घ्या. माया असू द्या.

स्टेफी

अर्नाळा, १५ नोव्हेंबर

चि. स्टेफीस, आशीर्वाद द्यायला तोंड नाही, तरी अ. आ.

तुझं पत्र आज बोंबील सुकत होते तिथे सगळ्या बायांना वाचून दाखवलं. अडखळत वाचलं, पन वाचलं. मग पान्यात उतरले, ओंजळ भरली नि त्यांच्यासमोर चूळ भरली. कोनी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

नेल्सन पहाटे बोट घेऊन गेला. उद्या ॲन्सेल्मच्या रिक्षाने मीच वटारला येते. यायचं नसेल तर माझा कोलंबीचा डबा तेवढा परत दे. आलीस तर परीक्षेला आपल्या घरातून जा. रात्रभर घोक, मोठ्याने घोक, बोट बाहेर असली तरी. मी वाक्य संपेपर्यंत गप्प बसेन.

लोभ ठेव असं शेवटी लिहितात. ठेवावासा वाटला तर ठेव.

लिली