मुंडी कोणापुढे ठेवायची

अल्माती, ११ ऑक्टोबर

प्रिय रौशन-आपा,

सलाम. गुडघे कसे आहेत? गाय व्यायली का? शाळेच्या स्वयंपाकघरात नवी मदतनीस आली की अजून एकटीच शंभर पोरांचं रांधतेस?

फोन उचलत नाही म्हणून रागावली असशील. फोनवर तू मधेच बोलतेस आणि माझं सांगायचं राहून जातं, म्हणून लिहितेय.

टीव्ही मालिकेचं काम थाटात चाललं होतं. चॅनेलची गाडी दाराशी यायची, दिग्दर्शकाच्या खुर्चीवर माझं नाव होतं. पण दिग्दर्शन करायचा तो निर्माता तलगात. माझ्या पाठीमागे बसून सूर्यफुलाच्या बिया फोडायचा, टरफलं माझ्या खांद्यावर उडायची. "अजून एक थोबाडीत दे सुनेला. लोकांना आवडतं." सुनेचं काम करणाऱ्या पोरीचा गाल खरोखरच सुजला होता. त्यावर रंग लावून पुन्हा थोबाडीत. शिसारी आली मला, आपा.

तुझ्या स्वयंपाकघरातले दिवस आठवतात? माझा फोन कपडे वाळत घालायच्या घोडीला बांधलेला, सासू झालेली तू आणि सून झालेली आपली मर्झान. थोरामोठ्यांना कापायला देतात ती मेंढ्याची शिजवलेली मुंडी मी तिच्या खऱ्या नवऱ्यापुढे ठेवली, तर तू चित्रण चालू असतानाच ओरडलीस, "थांबा रे! बाप जिवंत असताना मुंडी कापतोस, त्याला घालवायची घाई झालीय का?" मी ते तसंच ठेवलं. त्या एका वाक्यावर आपली वेब मालिका घराघरांत पोचली आणि त्याच वाक्यासाठी चॅनेलवाले माझ्या दारात आले.

गुरुवारी टीव्हीसाठी तोच प्रसंग होता. मटण तीन दिवसांचं. चमक यावी म्हणून वर तेल मारलेलं, माश्या घोंघावताहेत, आणि नट मंडळी घास ओठांशी नेऊन हसताहेत. मुंडी ठेवली बेकझातपुढे, म्हणजे नायकापुढे. तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "ताई, माझे वडील हॉस्पिटलात आहेत. मला नका कापायला लावू."

तलगात म्हणाला, "काप रे, मालिका आहे ही! तुझा बाप काय टीव्ही बघून मरणार आहे?"

सगळे हसले. सासूचं काम करणारी बाईसुद्धा.

हो आपा, सासूचं काम करणारी बाई. आता लिहूनच टाकते. तुझ्या जागी एकतीस वर्षांची नटी आहे, केसांना पांढरी भुकटी लावून. तुझं बोलणं गावठी आणि तोंड बोळकं, असं ते मला पहिल्याच बैठकीत म्हणाले होते. आणि मर्झान सांगते, तू बोलावण्याची वाट बघत नवे दात बसवून घेतलेस. तेव्हापासून तुझा फोन वाजला की माझा हात पुढे होत नव्हता.

तुझं ते वाक्यही त्यांनी काढलं होतं. म्हणे, प्रेक्षक दुखावतील! थोबाडीत दिल्यानं नाही दुखावत, त्यानं दुखावतात.

बेकझातनं सुरी उचलली आणि मी ओरडले, "थांबा रे!" अगदी तुझ्यासारखी. उरलेलं वाक्यही म्हटलं, सगळं, तलगातच्या तोंडावर. मग मुंडी उचलली आणि मागच्या दाराबाहेर कुत्र्यांना टाकली. ताटाची इतकी किळस आली होती की ती मुंडी कुत्र्यांनीच खावी असं वाटलं. एका कुत्र्यानं हुंगलं आणि तो निघून गेला.

मला काढून टाकलंय. मालिकेचं नाव कागदोपत्री त्यांचं, तेव्हा ती चालूच राहील, दुसरं कोणीतरी करेल. या शहरात मला कोण काम देईल, ठाऊक नाही. भीती वाटते, खोटं कशाला सांगू?

शनिवारी येतेय. फोन घेऊन, आणि ताजी मुंडी घेऊन. ती तुझ्यापुढे ठेवणार. बायकांपुढे ठेवत नाहीत असं कोणी म्हणालं, तर काय ऐकवायचं ते तू ठरव, मी फक्त टिपून घेईन. नव्या गोष्टीला हो म्हणशील? नाही म्हणालीस तरी चुलीशी बसू दे.

तुझीच, चारदा न्हाऊनही केसांतून त्या शिळ्या मटणाचा वास न गेलेली,
कुरालाय