हळदीच्या दिवसांतला भोंगा

वसमत,
११ मार्च २००४

चि. रागिणीस,
अनेक आशीर्वाद. गुडघा दुखतो, पण चालते. तुझा बाप परवा येऊन गेला. यंदा हळद चांगली उतरली म्हणाला. मला सध्या हळदीचं नाव नको वाटतं.

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच ओळीवर संताप आला. "कामगाराची चूक झाली, आत्या. माझा हिशेब बरोबर होता." त्या कामगाराला नाव आहे गं. प्रेमदास. कारखान्यामागच्या तांड्यावरचा. क्लोरीनची नळी फुटली तेव्हा बाकीचे पळाले, हा झडप बंद करायला आत गेला. झडप बंद झाली म्हणून तांडा वाचला. तो वाचला नाही. गॅस सुटल्याचा इशारा देणारा भोंगा वाजला असता तर निदान मास्क बांधायला वेळ मिळाला असता.

तुझा हिशेब मीही तपासला होता. टाकीजवळचा भोंगा शंभरात एकदा दगा देणार, कुंपणाजवळचाही शंभरात एकदा, म्हणून दोन्ही एकदम दहा हजारांत एकदा. गुणाकार चोख! तीस वर्षं शाळेत मीच तो शिकवला, तुलाही. पण एकाच्या बिघाडाशी दुसऱ्याचा काही संबंध नसेल तरच तो करायचा असतो. इथे दोन्हींची बटणं एकाच खोलीत. फेब्रुवारीत शेताशेतांत हळद शिजते, कढयांचा धूर कारखान्यावर येतो आणि दोन्ही भोंगे उगीच बोंबलतात. मग साहेब तोंडी हुकूम सोडतात, हळद आटपेस्तोवर बंद ठेवा. दोन्ही भोंगे, एकाच हाताने, एकाच कारणासाठी. दहा हजारांत एकदा कसलं? दर वर्षी महिनाभर!

पुण्यात बसून तुला तो धूर दिसला नाही, हे मी समजू शकते.

मला दिसायला हवा होता.

अपघाताआधीच्या ग्रामसभेत, कारखान्यापासून धोका नाही असा तू कंपनीला करून दिलेला अहवाल मी मराठीत समजावून सांगितला, एवढं तुला माहीत आहे. पुढचं मी तुला कळवलं नाही. प्रेमदासची आई रूपाबाई मागे बायकांत बसली होती. ती उठून म्हणाली, "बाई, हळदीच्या दिवसांत त्यो भोंगा बंदच ऱ्हातो की. माझं पोरगंच बंद करतंय, सायेब सांगतेत म्हून."

मी म्हणाले, "रूपाबाई, हे गणित आहे, हळद शिजवणं नाही."

सगळे हसले, सरपंच सगळ्यांत मोठ्याने. "बराबर हाय बाई, आमाला काय कळतंय," म्हणत ती खाली बसली. आणि रागिणी, तो हशा मला आवडला होता.

मागच्या आठवड्यात तांड्यावर गेले. रूपाबाईने बसायला घोंगडी टाकली, पाणी दिलं. म्हणाली, "म्या त्याला काम सोड म्हनून राहिले होते बाई. तुमी धोका न्हाई म्हनल्या, मंग गप बसले." आवाजात राग नव्हता. असता तर मला बोलता आलं असतं. मी पाणी प्यायले आणि उठून आले. माफीसुद्धा मागितली नाही.

सोमवारी चौकशी समिती येते आहे. कंपनीने प्रेमदासवर दोष ठेवणारा कागद तयार ठेवला आहे. मी तिथे सांगणार आहे की भर सभेत इशारा मिळाला होता, आणि तो मी हसण्यावारी नेला. तुझंही नाव निघेल. तुझ्या नोकरीवर येईल, हे जाणून लिहिते आहे. तू ये आणि हिशेबात काय धरलं नव्हतं ते स्वतःच्या तोंडाने सांग. नाही आलीस तर तुझा हिशेबाचा कागद मी वाचून दाखवीन. मेलेल्या माणसावर ढकलून आपण दोघी सुटायचं नाही.

सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटात सिस्टर्सनी मला कबुली द्यायला शिकवलं होतं. कोणापुढे द्यायची, ते साठीनंतर कळलं. समितीच्या आधी, रविवारी, मी रूपाबाईकडे जाते आहे.

तुला लिहिताना शेवटी "तुझी बाई" लिहायची मला सवय आहे. आज ते लिहवत नाही.

नुसतीच,
मिरा आत्या