कामाची सुपारी

निपाणी. श्रावण वद्य पंचमी, सोमवार.

पहिल्यांदा शेजारची गंगाक्का धावत आली. "आज्जी, तुमच्या दारात मोटार!" लढाईच्या दिवसांत, पेट्रोल मिळंना तिथं मोटार! मला लई आनंद झाला. कोल्हापूरच्या सिनेमा कंपनीचे मॅनेजर उतरले. माझी नात चंद्रा त्यांच्या सिनेमांत काम करायची, ते सोडून वर्ष झालं. आता घरी गौरीचे मुखवटे रंगवती. म्हणती, तिथं दुसरे सांगतील तसं तोंड करायचं, इथं तोंडं मी करते.

ती आत रंग खलत होती. मॅनेजरनी तबकातनं सुपारी पुढं केली. पाहुण्यांनी मान दिला म्हणून मी टाकली तोंडात. तेवढ्यात ते हसले, "ठरलं मग! थोरांनी सुपारी घेतली, चंद्राबाई कामाला येणार."

कामाची सुपारी होती व्हय ती! तीबी गंगाक्कासमोर खाल्ली, म्हणजे गल्लीभर झालंच. आता न्हाय म्हटलं तर घरानं शब्द फिरवला म्हणतील, आणि व्हय म्हटलं तर पोरगी अडकती. चारचौघांत थुंकू तरी कशी? गिळली.

मोटार गेल्यावर चंद्रा बाहेर आली. हातातल्या गौरीचे डोळे काढायचे राहिलेले. "आज्जी, सुपारी तू खाल्लीस, तोंड रंगवून तूच जा."

मी हसले. ती हसली न्हाय. दिवेलागण झाली तरी गौरीचे डोळे कोरेच. पोरगी नुसता कुंचला धूत बसलीया.

मी का जाऊ नये? म्हाताऱ्या सासवा लागतातच की त्यांना! नवं लुगडं काढून ठेवलंय. गुरुवारी मोटार घेऊन येतो म्हणालेत. सुपारी जिनं खाल्ली, तीच मोटारीत बसंल.