दोन मिनिटांत तीनशे बारा पानं

सिडको, छत्रपती संभाजीनगर
भाऊबीज होऊन गेल्यानंतरचा रविवार

तीर्थरूप सौ. प्रमोदिनीमावशीस,

चिन्मयचा साष्टांग नमस्कार. (एरवी हा शब्द आपण नुसता लिहितो. या खेपेला आठही अंगं जमिनीला टेकली आहेत असं समज. कारण पुढं येईल.) तुझ्या गुडघ्यांना नाशिकची हवा मानवली का? केशवकाका सकाळी फिरायला जातात, की नुसतेच बूट घालून पेपर वाचत बसतात? मनस्विनीवहिनीला सांग, तिनं पाठवलेला चिवडा पोचला आणि त्याच दिवशी संपला. इकडं सगळं क्षेम आहे. आज आठव्या दिवशी नळाला पाणी आलं आहे, त्यामुळं हे पत्र मी मधेमधे उठून बादल्या बदलत लिहितो आहे. अक्षर कुठं फुटलेलं दिसलं तर ते पाणी आहे, अश्रू नव्हेत. (अश्रूंची जागा जरा पुढं आहे.) फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तू नुसतं 'हं' म्हणतेस आणि तेवढ्यावर मी पुढचं खोटं बोलून जातो. शिवाय हातानं लिहिलेलं पत्र कॉपी-पेस्ट करता येत नाही. या गोष्टीचं महत्त्व मला अलीकडंच कळलं आहे.

तर विषय आपल्या माहितीपुस्तकाचा. आपल्या म्हणजे तुझ्या, आणि इथंच घोडं पेंड खातं. सहा वर्षांपूर्वी तू निवृत्त होऊन घरी कंटाळलीस तेव्हा मीच आमच्या मालकांना, बद्रीनाथ सरांना म्हणालो होतो, की आमची मावशी शाळेत मराठीची बाई होती, आपल्या सॉफ्टवेअरमधलं शुद्धलेखन तेवढं बघेल. मंगल कार्यालयांच्या तारखा, हॉल, भांडी, पंगती सांभाळणारं आमचं ते सॉफ्टवेअर तेव्हाही बरं चालायचं, पण ते चालवायचं कसं हे सांगणारं एक पान नव्हतं. ज्याला अडलं त्यानं मला फोन करायचा आणि मी तो उचलायचा नाही, अशी पद्धत होती. तू घरून उशी घेऊन आलीस, पाण्याच्या फिल्टरशेजारच्या टेबलावर बसलीस आणि शुद्धलेखन बघता बघता तीनशे बारा पानं लिहून काढलीस. सरांच्या डोक्यात मात्र 'मॅडम शुद्धलेखन बघतात' एवढंच राहिलं. ते काढून टाकायची तसदी मी सहा वर्षांत घेतली नाही.

ही पानं राहायची सॉफ्टवेअरच्याच कोठीत. (बाकी जग जिला रिपॉझिटरी म्हणतं तिला तू पहिल्या दिवसापासून कोठी म्हणालीस, आणि आता ऑफिसात चहावाल्यापासून सगळे तेच म्हणतात.) कोठीची खोड तुला आठवतच असेल. आत काहीही हललं की सगळं सॉफ्टवेअर पहिल्यापासून तपासलं जातं. तू एक अनुस्वार दिलास की यंत्र चाळीस मिनिटं घरघरायचं आणि तेवढा वेळ आमची सगळ्यांची कामं रांगेत उभी. तू दिवसाला अकरा अनुस्वार द्यायचीस. यंदा तू नाशिकला गेल्यावरही कुणी ना कुणी पानं दुरुस्त करतच होतं आणि यंत्र घरघरतच होतं. शेवटी एका मीटिंगमध्ये मी उभा राहिलो आणि म्हणालो, की माहितीपुस्तकाला आता वेगळी कोठी करून द्यावी, म्हणजे त्याचं ते सुखी, आपले आपण सुखी. सगळ्यांनी माना डोलावल्या. किती वेळ लागेल, असं विचारल्यावर मी दोन तास म्हणालो. आमच्या धंद्यात कशालाही दोन तासच म्हणतात.

शेजारी बसणाऱ्या तनुजानं तेव्हाच बजावलं होतं, की नुसती पानं उचलू नकोस, नोंदींसकट ने. कोठीत प्रत्येक ओळ कुणी लिहिली, कधी लिहिली याची नोंद असते. ती बरोबर न्यायची रीत वेगळी आहे, आधी वाचून घे. आता माहितीपुस्तक हलवण्यासाठी दुसरं माहितीपुस्तक वाचायचं, हे बारा वर्षांच्या अनुभवी माणसाला शोभतं का? मी सगळी पानं निवडली, कॉपी केली, नव्या कोठीत पेस्ट केली, जुनीतून पुसली आणि चहाला गेलो. दोन तासांचं काम दोन मिनिटांत झालं म्हणून चहाबरोबर सामोसाही खाल्ला.

नव्या कोठीला स्वतःचा पत्ता मिळाला, म्हणजे आता कुणीही मोबाइलवर उघडावं आणि वाचावं. प्रत्येक पानाच्या तळाशी 'सुधारणा सुचवा' अशी एक चौकट आली. (लोक तिच्यात काय लिहितात त्याची यादी माझ्याकडं येते. ती मी अजून उघडलेली नाही. सुधारणेची मला कधीच घाई नसते.) आणि तिच्याही खाली यंत्रानं आपल्या मनानं एक ओळ छापली: 'लेखक: चिन्मय'. तीनशे बाराही पानांवर. यंत्राचा काय दोष? ज्यानं आणून टाकलं त्याचं नाव त्यानं लिहिलं. नीट बघणाऱ्याला बाजूला वेळही दिसते. चार वाजून दहा मिनिटं ते चार वाजून बारा मिनिटं. दोन मिनिटांत तीनशे बारा पानं, पण कुणालाही शंका आली नाही. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो मीच. फक्त या नागोबाला आपण बिळात आहोत हे पहिले चार दिवस कळलंच नव्हतं. पाचव्या दिवशी कळलं, आणि तो बिळातच राहिला.

कारण पाचव्या दिवशी बद्रीनाथ सर गावाहून आले. देवगाव रंगारीला त्यांच्या शेतात मका काढायचा होता, मळणीयंत्र यायला उशीर झाला, म्हणून बांधावर बसून त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा माहितीपुस्तक उघडलं आणि साठ पानं वाचली. आल्या आल्या माझ्या पाठीत थाप. “लई भारी लिवलंय राव तू! आपल्या ऑफिसात असा लिवणारा माणूस हाय, आन् मलाच म्हाईत नाय व्हय?” मी सांगणार होतो. खरंच सांगणार होतो. पण बारा वर्षांत सरांनी माझ्या पाठीवर ठेवलेली ही पहिलीच थाप होती, आणि मला वाटलं दोन दिवस राहू द्यावी. दोन दिवसांनी दसरा. कीबोर्डांना झेंडूच्या माळा, पूजा झाली, आणि सरांनी अचानक माझं नाव पुकारून माझ्या अंगावर शाल घातली, हातात नारळ दिला. मी बोलायला तोंड उघडलं, तर त्यात पेढा घातला. पेढा संपल्यावर मी म्हणालो, “सगळं थोरामोठ्यांच्या आशीर्वादानं.” हे खोटं नव्हतं, मावशी. फार म्हणजे फारच अपुरं होतं.

पण लेखक झालं की वाचक येतात, हे मला माहीत नव्हतं. अजिंठ्याजवळच्या एका मंगल कार्यालयाचे व्यवस्थापक आहेत, कडूबा म्हणून. ते तुझं पुस्तक रोज सकाळी आपल्या माणसांना मोठ्यानं वाचून दाखवतात. 'तारीख बदलायला मुलीकडचे आले तर आधी बसायला खुर्ची द्यावी, पाणी द्यावं. कारण विचारू नये, ते आपोआप सांगतात. मग उजवीकडचं हिरवं बटण दाबावं,' हे पान त्यांनी काउंटरवर चिकटवलं आहे. त्यांचा मला फोन आला. आधी खूप स्तुती केली, मग जरा घुटमळले. “सायेब, येक इचारू का? राग नका मानू. पंगतीच्या पानावर तुमी लिवलंय, वाढपी कमी घिऊ नका, मी सोता नऊवारी नेसून, पदर सावरत, दीडशे पानांवर वरण वाढलंय. ते नऊवारीचं... तुमीच नेसला व्हता का?”

मावशी, इथं सुटायची सोन्यासारखी संधी होती. 'नाही हो, ते आमच्या मावशीनं लिहिलंय,' एवढं एक वाक्य. मी 'हो' म्हणालो. कॉलेजच्या गॅदरिंगला, असंही वर जोडलं. मग ते म्हणाले, “गॅदरिंगला दीडशे पानं? बरं बरं. हौस आसती येकेकाची.” आता त्या भागात मला नऊवारीवाले सायेब म्हणतात. मला ते मान खाली घालून ऐकून घ्यावं लागतं, आणि कुणी पुढचं विचारलं तर उत्तर शोधायला मला तुझंच पुस्तक उघडावं लागतं. ते मी पहिल्यांदाच वाचलं. फार चांगलं आहे गं. सहा वर्षं तू माझ्यापासून दहा पावलांवर बसून हे लिहीत होतीस आणि मी फिल्टरवर येऊन नुसता 'चाललंय का?' विचारत होतो, याची मला लाज वाटते.

आता गळ्याशी आलेली गोष्ट. सरांनी ठरवलं आहे, की तुळशीची लग्नं लागायच्या आत या सगळ्याचं छापील पुस्तक काढायचं आणि प्रत्येक कार्यालयाला एकेक द्यायचं. गुलमंडीवरच्या प्रेसमध्ये मुखपृष्ठ गेलं आहे. त्यावर माझं नाव आहे आणि शालीतला माझा फोटो आहे. आणि प्रकाशनाला पाहुणी म्हणून ते तुला बोलावणार आहेत. “तुझ्या मावशीलाच बोलवू. त्यायला बी बरं वाटंल, भाचा शिकवलेलं इसरला नाय म्हणून.” म्हणजे तू नाशिकहून दुखऱ्या गुडघ्यांनी इथवर यायचं, स्टेजवर चढायचं आणि लाल कागदातून स्वतःचंच पुस्तक माझ्या नावानं बाहेर काढायचं. हे चित्र डोळ्यांपुढं आलं आणि मी ताटावरून उठलो. (अश्रूंची जागा हीच.)

त्यात तुझा तो 'शाब्बास'. दसऱ्याचा फोटो आईनं घरच्या ग्रुपवर टाकला, खाली 'उत्कृष्ट कार्याबद्दल सत्कार' एवढंच लिहिलं, आणि संध्याकाळी तू लिहिलंस, 'शाब्बास, चिन्मय.' चोराच्या मनात चांदणं. मी ते दोन शब्द तीन आठवडे पुन्हा पुन्हा काढून बघतोय. तुला आठवतं का, चौथीत मी तुझ्याच वर्गात होतो (तेव्हा 'बाई' म्हणावं लागायचं) आणि 'माझा आवडता पक्षी' हा निबंध शेजारच्या सरितावरून उतरवला होता? इतका इमानदारीनं उतरवला, की शेवटी तिचं नाव आणि हजेरी क्रमांकही उतरवला. तू मारलं नाहीस, ओरडली नाहीस. लाल शाईनं खाली लिहिलंस, 'शाब्बास, सरिता,' आणि वही मला परत दिलीस. तेव्हा अक्कल नव्हती म्हणून दुसऱ्याचं नाव राहून गेलं. आता अक्कल आली, तर दुसऱ्याचं नाव गाळलं. बारा वर्षांच्या अनुभवाची एवढीच प्रगती.

उद्या सोमवार. सकाळी पहिलं काम म्हणून सरांना सगळं सांगणार आहे. त्यांच्या हातात पेढा नसेल अशी वेळ बघून. तू रागाव, बोल, काय वाटेल ते कर, पण प्रकाशनाला येणार नाही असं म्हणू नकोस.

केशवकाकांना नमस्कार.

तुझा, आणि कशाचाही लेखक नसलेला,
चिन्मय

ता. क. : खरं तर पत्र लिहायला बसलो ते वेगळ्याच कामासाठी. आईनं तो शालीतला फोटो मोठा करून हॉलमध्ये लावला आहे, आजोबांच्या शेजारी. (माझ्या फोटोला हार नाही, एवढाच फरक.) सोसायटीतल्या प्रत्येकाला सोफ्यावर बसवून दाखवते. सरांचा राग मी सोसीन. आईला मात्र हे तू सांग. ती तुझी धाकटी बहीण आहे, तुझ्यासमोर रडणार नाही.

ता. क. दुसरा, सोमवार संध्याकाळ : काल टपाल बंद होतं म्हणून पाकीट उघडंच होतं. सरांना सांगितलं. ते म्हणाले, “म्हंजी मॅडम सहा वर्सं शुद्धलेखन बगत नव्हत्या?” आणि लगेच प्रेसला फोन करून मुखपृष्ठ थांबवलं. ते स्वतः नाशिकला येणार आहेत तुझ्याकडं, पाहुणी म्हणून नव्हे, लेखिका म्हणून बोलवायला. तनुजानं जुन्या कोठीतून सगळ्या नोंदी वीस मिनिटांत नव्या कोठीत आणल्या (तिथून काहीच खरं पुसलं जात नाही म्हणे), आणि आता पानापानाखाली तुझं नाव आहे. माझी नोंद एकच निघाली. दोनशे तीन नंबरच्या पानावर मी एक स्वल्पविराम दिला होता. दुसऱ्या दिवशीची नोंद तुझी आहे: 'चिन्मय, हा नको.' शाल धुवायला टाकली आहे, सरांबरोबर पाठवतो. नारळाला इलाज नाही, त्याच्या वड्या झाल्या आणि मी त्या खाल्ल्या.

ता. क. तिसरा, मंगळवार : कोठी नीट लागली म्हणून आज पहिल्यांदा ती 'सुधारणा सुचवा'ची यादी उघडली. सेहेचाळीस सूचना. बऱ्याचशा नऊवारीबद्दल आहेत. सगळ्यात तळाशी, म्हणजे सगळ्यात जुनी, दसऱ्याच्या संध्याकाळची आहे. पान पहिलं. पाठवणाऱ्याचं नाव प्रमोदिनी. सूचना एका ओळीची: 'चिन्मय, या वेळी नाव उतरवायचं राहिलं.'

म्हणजे तो 'शाब्बास' चौथीतलाच होता. सूचनेपुढं दोन बटणं असतात, मंजूर आणि नामंजूर. मी मंजूर दाबलं आहे. आईला मीच सांगतो.